अलीने आणलेला पक्षी

सन १८६२च्या सुरुवातीला एक उंच, दाढीवाला इंग्रज प्रवासी सिंगापूरहून लंडनला जाताना वाटेत मुंबईत उतरला आणि आठवडाभर राहिला. लांबच्या प्रवासात जरा विसावा हवा होता, हे एक कारण. दुसरे कारण होते केळी. त्याच्याबरोबर एक मोठा पिंजरा होता आणि त्यातले दोन पक्षी भात, केळी आणि झुरळे अगदी आवडीने खात. केळ्यांचा साठा मुंबईत भरून घेता आला, पण आगबोटीवर पंचाईत झाली ती झुरळांची. बोटी स्वच्छ होत्या. कोठारात सापळे लावायचे, रोज रात्री खलाशांच्या खोल्यांकडे तासभर शोध घ्यायचा, तेव्हा कुठे जेमतेम एका वेळच्या खाण्यापुरती झुरळे हाती लागत. माल्टा बेटावर पंधरा दिवस थांबल्यावर एका पावाच्या भट्टीत त्याला ती भरपूर मिळाली. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत झुरळे भरून घेऊन तो पुढे निघाला. कडाक्याच्या थंडीतून प्रवास करूनही दोन्ही पक्षी लंडनला धडधाकट पोहोचले. तिथल्या प्राणिसंग्रहालयात एक पक्षी एक वर्ष आणि दुसरा दोन वर्षे जगला. ते पिसारा फुलवून नाचत आणि लोक बघत राहत.

हा प्रवासी म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेस. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत चार्ल्स डार्विनच्या बरोबरीने आणि स्वतंत्रपणे मांडणारा निसर्गशास्त्रज्ञ. पिंजऱ्यातले पक्षी होते ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’, म्हणजे स्वर्गपक्षी. आपल्याकडच्या रानांत लांब पांढरी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक हा वेगळ्या कुळातला. स्वर्गपक्ष्यांचे घर आहे न्यू गिनी, त्याच्या आसपासची बेटे आणि ऑस्ट्रेलियाची पूर्व किनारपट्टी. या पक्ष्यांच्या शोधात वॉलेसने आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवली. त्यापायी तो अनेकदा तापाने फणफणला, पायांना झालेल्या जखमांनी जायबंदी झाला. त्याच्या नावाने आज एक स्वर्गपक्षी ओळखला जातो. मात्र तो पक्षी प्रथम हाती धरून आणला होता दुसऱ्याच कोणीतरी.

पाय नसलेले पक्षी

स्वर्गपक्ष्यांची युरोपला ओळख झाली ती मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरून. मॅगेलनच्या जगप्रदक्षिणेतले उरलेसुरले खलाशी १५२१मध्ये मसाल्यांच्या बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या मलुकू बेटांवर पोहोचले. तिथे बाचान बेटाच्या राजाने स्पेनच्या राजासाठी भेट म्हणून असे दोन मृत पक्षी पाठवले. पक्षी सुकवताना तिथले लोक त्यांचे पाय कापून टाकत. त्यामुळे युरोपात समज पसरला, की या पक्ष्यांना पायच नसतात, ते कधी जमिनीवर उतरत नाहीत, आकाशात तरंगत दवावर जगतात आणि मेल्यावरच खाली पडतात. पुढे १७५८मध्ये लिनियसने त्यांतल्या एका जातीला शास्त्रीय नाव दिले, तेही ‘अपोडा’, म्हणजे पाय नसलेला. मलय व्यापारी त्यांना ‘मानुक देवाता’ म्हणत. ‘मानुक’ म्हणजे पक्षी, आणि पुढचा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

वॉलेसच्या काळापर्यंत पायांची दंतकथा विरली होती. पण हे पक्षी रानात कसे राहतात, काय खातात, कशासाठी नाचतात, हे पाहून आलेले युरोपीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

सर्व्हेअरचा मदतनीस

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३चा, वेल्समधल्या अस्क गावाजवळचा. घरात मुले बरीच आणि पैसा तुटपुंजा. वडिलांनी केलेले व्यवहार अंगाशी आले आणि चौदाव्या वर्षी आल्फ्रेडची शाळा सुटली. मोठा भाऊ विल्यम जमीन मोजणीचे काम करत असे. त्याच्या हाताखाली साखळी ओढत, बांध मोजत आल्फ्रेड गावोगाव हिंडला. या कामातून त्याला दोन गोष्टी मिळाल्या : नकाशा वाचणारी नजर आणि पायाखालच्या झाडाझुडपांची ओळख.

पुढे लेस्टरच्या शाळेत शिक्षकाची नोकरी करताना त्याला हेन्री बेट्स हा किड्यांचा नादी मित्र भेटला. तिथल्याच ग्रंथालयात त्याने थॉमस माल्थसचे लोकसंख्येवरचे पुस्तक वाचले. माणसांची संख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि रोगराई, दुष्काळ, युद्धे तिला आवर घालतात, हे त्यातले मुख्य म्हणणे. त्या वेळी ते पुस्तक त्याच्या डोक्यात नुसते पडून राहिले.

सन १८४८मध्ये दोघे मित्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. गाठीशी पैसा नव्हता. पक्षी, फुलपाखरे, किडे गोळा करायचे, लंडनमधल्या दलालामार्फत संग्रहालयांना आणि शौकिनांना विकायचे आणि त्यावर पुढचा प्रवास करायचा, असा हिशेब होता. दुसऱ्या वर्षी धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला. त्याचे मन या कामात रमले नाही आणि तो परत जायला निघाला. पारा बंदरात बोटीची वाट पाहत असताना १८५१मध्ये त्याला पीतज्वराने गाठले. वय अवघे बावीस. आल्फ्रेड तेव्हा शेकडो मैल आत, नदीच्या वरच्या अंगाला होता आणि स्वतःही पुढे तापाने अंथरुणाला खिळला. भाऊ गेल्याची खात्रीची बातमी त्याला फार उशिरा कळली.

दुर्दैव तिथे संपले नाही. १८५२मध्ये परतीच्या वाटेवर भर समुद्रात जहाजाला आग लागली. नमुन्यांच्या पेट्या, जिवंत प्राणी, नोंदवह्या, सगळे डोळ्यांदेखत जळाले. थोडी रेखाटने आणि काही कागद तेवढे वाचले. दहा दिवस उघड्या होड्यांत काढल्यावर दुसऱ्या एका जहाजाने सर्वांना उचलून घेतले. दलाल सॅम्युअल स्टीव्हन्स याने दूरदृष्टीने संग्रहाचा विमा उतरवला होता, म्हणून दोनशे पौंड तरी हाती आले. पुन्हा समुद्राचे नाव काढायचे नाही, असे वॉलेसने ठरवले होते. तो निश्चय दोन वर्षेही टिकला नाही.

मलय बेटांवर

एप्रिल १८५४मध्ये वॉलेस सिंगापूरला उतरला. पुढची आठ वर्षे तो आजचा मलेशिया आणि इंडोनेशिया यांच्या बेटांवर हिंडला. या काळात त्याने सुमारे चौदा हजार मैलांचा प्रवास केला आणि १,२५,६६० नमुने जमवले. त्यांत ८३,२०० भुंगेरे होते आणि ८,०५० पक्षी.

हे काम एकट्याचे नव्हते. बोर्निओतल्या सारावाकमध्ये १८५५मध्ये त्याने अली नावाच्या मलय मुलाला नोकरीवर ठेवले. अली आधी स्वयंपाक करायचा आणि वॉलेसला मलय भाषा शिकवायचा. मग तो बंदूक चालवायला शिकला, पक्ष्याचे कातडे अलगद सोलून, आतून औषध लावून ते टिकवायला शिकला. होडी हाकण्यातही तो तरबेज होता. काही काळाने नवी पोरे कामावर आली की त्यांना शिकवण्याचे कामही त्याच्याकडेच आले. संग्रहातल्या पक्ष्यांत अलीच्या हाताचा वाटा मोठा आहे.

सन १८५६मध्ये बाली आणि लोंबोक या शेजारच्या बेटांवर वॉलेसला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बालीत आशियातल्या ओळखीच्या पक्ष्यांची वस्ती होती, तांबट आणि सुतार पक्षी होते. मधली अरुंद सामुद्रधुनी ओलांडून लोंबोकला गेल्यावर ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे सुरू झाले. हवामान तेच, जमीन तशीच, प्राणी मात्र वेगळे. ज्या त्या जागेसाठी देवाने तिथले प्राणी घडवले, या तेव्हाच्या समजुतीत हे बसत नव्हते. प्राणी कुठे आहेत याचे उत्तर ते कुठून आले यात दडलेले आहे, हे जमीन मोजणाऱ्या माणसाच्या लक्षात आले. आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या प्राणिसृष्टीमधल्या या सीमेला आज वॉलेस रेषा म्हणतात.

लाल पक्षी आणि एक विचार

स्वर्गपक्ष्यांसाठी तो मकासार बंदरातून व्यापाऱ्यांच्या गलबतावर चढला आणि ८ जानेवारी १८५७ रोजी, म्हणजे आपल्या चौतिसाव्या वाढदिवशी, न्यू गिनीजवळच्या अरू बेटांवर पोहोचला. रानात शिरायला दोन महिने गेले. चाच्यांची भीती, पाऊस आणि होड्यांची टंचाई. शेवटी एके दिवशी मकासारहून सोबत आलेला बादेरून हा मुलगा एक पक्षी घेऊन परतला आणि आतापर्यंतच्या खोळंब्याचे सार्थक झाले.

तो राजा स्वर्गपक्षी होता. मैनेपेक्षाही लहान. अंगभर काचेच्या धाग्यांसारखा चकाकणारा शेंदरी लाल रंग, पोट पांढरेशुभ्र, छातीवर हिरवा पट्टा, पाय निळेभोर. शेपटीतून दोन बारीक तारा निघालेल्या आणि प्रत्येक तारेच्या टोकाला पाचूच्या रंगाचे, गुंडाळलेल्या चकतीसारखे पीस. वॉलेस त्या पक्ष्याकडे बघत राहिला. त्याचा आनंद पाहून गावातले लोक हसू लागले. त्यांच्या लेखी हा रोजच्या पाहण्यातला पक्षी होता.

त्या दिवशी त्याच्या मनात आलेला विचार पुढे त्याच्या प्रवासवर्णनात उतरला. हा पक्षी या निबिड रानात युगानुयुगे पिढ्यामागून पिढ्या जन्मला आणि मेला, त्याचे रूप निरखणारा माणूस तिथे नव्हता. म्हणजे हे सौंदर्य माणसासाठी नाही. सगळी सृष्टी माणसाच्या उपभोगासाठी निर्माण झाली आहे, ही समजूत चुकीची आहे. उलट ज्या दिवशी सुधारलेला माणूस या रानात पोहोचेल, त्या दिवशी तिथली घडी विस्कटेल आणि ज्याचे कौतुक करायला तो आला, तो पक्षीच नाहीसा होईल. हा विचार करणाऱ्या माणसाच्या हातात त्या क्षणी तोच पक्षी मेलेला होता आणि कातडे विकून त्याला पुढच्या महिन्याचा खर्च भागवायचा होता. ही विसंगती त्याच्या साऱ्या कामातच होती.

अरूच्या रानात त्याला मोठ्या स्वर्गपक्ष्यांचा नाचही कळला. ठरावीक उंच झाडावर पहाटे नर जमतात, पंख उभारतात, सोनेरी पिसांचे कारंजे डोक्यावर फुलवतात. शिकारी त्याच झाडावर पानांचा आडोसा करून अंधारातच बसून राहतात आणि बोथट टोकाच्या बाणाने पक्षी पाडतात, म्हणजे रक्ताने पिसे खराब होत नाहीत. पण याच मुक्कामात किड्यांच्या चाव्यांनी वॉलेसच्या पायांवर व्रण झाले, ते चिघळले आणि चालणे बंद झाले. पक्ष्यांच्या ऐन हंगामात तो कित्येक आठवडे झोपडीत पडून होता. बाहेरून पक्ष्यांचे आवाज ऐकू येत होते.

हुडहुडीत सुचलेला सिद्धांत

पुढच्या वाढदिवशी, ८ जानेवारी १८५८ला, तो मलुकूमधल्या तेरनाते या ज्वालामुखीच्या बेटावर पोहोचला. तिथे त्याने एक घर भाड्याने घेतले आणि तिथून तो समोरच्या हालमाहेरा बेटावर जाऊन येऊ लागला. फेब्रुवारीत त्याला तापाने धरले. बहुधा तो हिवताप असावा. बाहेर ३१ अंश सेल्सियस उकाडा आणि हा घोंगड्यांत गुरफटून कुडकुडत पडलेला. थंडी वाजायची, मग अंग भाजायचे, मग घाम फुटून अंग गार पडायचे. हिवताप डासांमार्फत पसरतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला तो १८९७मध्ये.

पडल्या पडल्या विचार करण्याखेरीज काही करता येत नव्हते. तेव्हा त्याला चौदा वर्षांपूर्वी वाचलेला माल्थस आठवला. रोगराई आणि दुष्काळ माणसांची संख्या रोखून धरतात. प्राण्यांची पैदास तर माणसांहून किती तरी वेगवान, तरी जग त्यांनी भरून गेलेले नाही. म्हणजे दर वर्षी प्रचंड संख्येने प्राणी मरत असणार. मग मरतात कोण आणि वाचतात कोण? रोगातून निभावतो तो जास्त निरोगी, शत्रूपासून सुटतो तो चपळ किंवा बलवान, दुष्काळात तगतो तो अन्न शोधण्यात तरबेज. वाचलेल्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि हळूहळू जात बदलत जाते. स्वतः रोगाशी झुंजत असलेल्या माणसाला रोगाच्या विचारातून हे सूत्र सापडले. ताप उतरल्यावर त्याने टिपणे काढली, पुढच्या दोन संध्याकाळी लेख लिहून काढला आणि टपालाने डार्विनला पाठवून दिला.

डार्विनला तो जूनमध्ये मिळाला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. वीस वर्षे तो याच सिद्धांतावर काम करत होता, पण त्याने अजून तो छापलेला नव्हता. चार्ल्स लायेल आणि जोसेफ हूकर या त्याच्या मित्रांनी तोड काढली. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनचे जुने लेखन आणि वॉलेसचा लेख एकत्र वाचण्यात आले. दोघांपैकी एकही लेखक तिथे हजर नव्हता. डार्विनच्या धाकट्या मुलाचा २८ जूनला स्कार्लेट तापाने मृत्यू झाला होता. वॉलेस न्यू गिनीच्या किनाऱ्यावर दोरेय या ठिकाणी होता. त्याच्या पायाची जखम चिघळली होती, सोबतचे सगळेच ताप आणि आमांशाने आजारी होते. २६ जूनला त्याच्याकडचा जुमात हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला. आपला लेख वाचला गेला, याचा त्याला पत्ताही नव्हता. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत जगापुढे आला त्या आठवड्यात त्याच्या दोन्ही जनकांच्या दारात मृत्यू येऊन गेला होता.

बाचानचे रान

दोरेयला स्वर्गपक्षी फारसे मिळाले नाहीत. थकलेला वॉलेस तेरनातेला परतला आणि ऑक्टोबरमध्ये बाचान बेटावर गेला. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या बेटाच्या राजाने ते दोन पक्षी भेट पाठवले होते, तेच हे बाचान. तो पोहोचून काहीच दिवस झाले होते. अली सकाळी बंदूक घेऊन गेला होता. परतला तेव्हा त्याच्या कमरेला काही पक्षी लटकत होते आणि त्यांतला एक त्याने मोठ्या खुशीत पुढे केला.

आधी वॉलेसला काही समजेना. तपकिरी रंगाचा, साळुंकीपेक्षा थोडा मोठा पक्षी. छातीवर चकाकत्या हिरव्या पिसांची ढाल, तिची टोके दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. पण विलक्षण होती ती खांद्यांपाशी उगवलेली चार लांब पांढरी पिसे, प्रत्येक पंखावर दोन. सुमारे पंधरा सेंटीमीटर लांबीची ही पिसे पक्षी हवी तेव्हा उभी करू शकतो, हवी तेव्हा आडवी ठेवू शकतो. असा पक्षी कुठल्याच पुस्तकात नव्हता. थोड्या वेळाने वॉलेसच्या ध्यानात आले, की आपल्या हातात स्वर्गपक्ष्याची पूर्ण नवी जात आहे. न्यू गिनीपासून इतक्या पश्चिमेला स्वर्गपक्षी असेल, अशी कोणाची कल्पनाही नव्हती.

नमुना लंडनला गेला. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज रॉबर्ट ग्रे याने १८५९मध्ये त्याचे वर्णन करून वॉलेसच्या सन्मानार्थ त्याला नाव दिले, ‘सेमिऑप्टेरा वॉलेसी’. अलीने तो पक्षी आणला, हे वॉलेसने आपल्या पुस्तकात प्रांजळपणे लिहिले. पण शास्त्रीय नावात अलीला जागा मिळाली नाही. संग्राहकाच्या नोकराचे नाव पक्ष्याला देण्याची तेव्हा रीत नव्हती.

फेब्रुवारी १८६२मध्ये सिंगापूरला दोघांची ताटातूट झाली. वॉलेसने अलीला पैसे दिले, आपल्या दोन्ही दुनळी बंदुका, दारूगोळा आणि उरलेले सामान दिले. अलीचे एक छायाचित्र काढून घेतले आणि ते जन्मभर जपले. मग तो पिंजरा घेऊन बोटीत बसला.

हे सौंदर्य कोणासाठी?

इंग्लंडमध्ये वॉलेसने १८६९मध्ये मलय बेटांवरचे आपले गाजलेले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले आणि ते डार्विनला अर्पण केले. सिद्धांताच्या श्रेयावरून तो कधी भांडला नाही. या विषयावर १८८९मध्ये लिहिलेल्या ग्रंथाला त्याने नावही ‘डार्विनिझम’ असेच दिले. कायमची नोकरी त्याला कधी मिळाली नाही. पैसे चुकीच्या ठिकाणी गुंतवले आणि ते बुडाले. डार्विनने खटपट करून १८८१मध्ये त्याला सरकारकडून वर्षाला दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन मिळवून दिले.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचे जमले नाही आणि तो मुद्दा स्वर्गपक्ष्यांचाच होता. नरांचा हा थाट कशासाठी? डार्विनचे म्हणणे होते, की माद्या निवड करतात. ज्याचा पिसारा आणि नाच मादीला आवडतो, त्याची पिल्ले जन्मतात आणि हजारो पिढ्यांत पिसारा वाढत जातो. वॉलेसला हे पटले नाही. मादीला इतकी बारीक आवडनिवड असेल, याचा पुरावा काय, असा त्याचा आक्षेप होता. पिसारा म्हणजे नराच्या अंगातल्या अतिरिक्त जोमाचा आविष्कार, असे तो मानत राहिला.

पुढच्या अभ्यासाने कौल डार्विनच्या बाजूने दिला आणि त्यात वॉलेसच्या नावाचा पक्षीही साक्षीदार आहे. हालमाहेरा आणि बाचानच्या रानांत पहाटे हे नर ठरावीक झाडांवर जमतात, मोठमोठ्याने ओरडतात. एखादा नर सरळ वर झेपावतो आणि पंख पसरून, ती चार पांढरी पिसे फडफडवत हवेत तरंगत खाली येतो. साध्या तपकिरी माद्या फांदीवर बसून हे पाहतात आणि त्यांतला एक निवडतात. पिल्लांचे पुढचे सगळे काम मादी एकटीच करते, म्हणून बाप निवडताना ती चोखंदळ असते. हे सौंदर्य माणसासाठी नाही, हे वॉलेसने अरूच्या झोपडीत अचूक ओळखले होते. ते त्या तपकिरी मादीच्या डोळ्यांसाठी आहे, हे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही.

तीच चिकित्सक, कोणालाही न बधणारी वृत्ती आणखी एका ठिकाणी चुकली आणि ती चूक अधिक गंभीर होती. मृतात्म्यांशी संवाद साधता येतो, यावर त्याचा विश्वास बसला होता, तो खासगी प्रश्न म्हणता येईल. पण १८८०च्या दशकापासून त्याने देवीच्या सक्तीच्या लसीकरणाविरुद्ध मोहीम चालवली, पुस्तिका लिहिल्या, शाही आयोगासमोर साक्ष दिली. सरकारी आकडेवारीतल्या उणिवा त्याने दाखवल्या, त्यांतल्या काही खऱ्याही होत्या. निष्कर्ष मात्र चुकीचा निघाला. लशीमुळेच देवीचा रोग जगातून हद्दपार झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८०मध्ये तसे जाहीर केले. रोगात कोण तगतो या प्रश्नातून ज्याने जीवसृष्टीचे कोडे सोडवले, त्याला रोगावरचा सर्वांत प्रभावी उपाय ओळखता आला नाही. मोठी बुद्धी प्रत्येक विषयात बरोबर असतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण.

वॉलेसचा मृत्यू ७ नोव्हेंबर १९१३ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॉडस्टोन इथे झाला. वय नव्वद. इतक्या वेळा तापाने झोडपलेला हा देह त्याने वर्तवलेले भाकीत खरे होताना पाहण्याइतका टिकला. युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची टूम निघाली होती आणि न्यू गिनीतून स्वर्गपक्ष्यांची कातडी गठ्ठ्यांनी जहाजांत भरली जात होती. ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला तो १९२१मध्ये. पिसांचा तो बाजार आता राहिलेला नाही. हालमाहेराच्या रानाला आज झळ लागते आहे ती जंगलतोडीची आणि बॅटरीसाठी लागणाऱ्या निकेलच्या खाणींची. तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि वॉलेसचा पक्षी अजून अस्तंगत होण्याच्या यादीत गेलेला नाही.

अलीची हकीगत मात्र एवढ्यावर संपत नाही. १९०७च्या सुमारास थॉमस बार्बर हा तरुण अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ तेरनातेला गेला होता. तिथे एक सुरकुतलेला म्हातारा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने आपले नाव सांगितले : अली वॉलेस. बार्बरने घरी परतल्यावर ही भेट वॉलेसला पत्राने कळवली आणि इंग्लंडमधल्या म्हाताऱ्याचे आनंदाने उत्तरही आले. पक्ष्याला वॉलेसचे नाव संग्रहालयाने दिले होते. अलीने ते स्वतःच घेतले होते.